पिकअप घ्यायची, पण आधी खेपा मोजून

दसरा-दिवाळीच्या सुमारास कारंजा लाडच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढते आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या बरोबरीने पिकअपची रांग लागते. कामरगाव, धनज बुद्रुक, पोहा, मानभा, उंबर्डा बाजार या बाजूंनी कट्टे भरून आलेल्या या गाड्यांपैकी काही शेतकऱ्यांच्या स्वतःच्या असतात, बाकीच्या भाड्याच्या. लिलावाची वाट बघत थांबलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यात तेव्हा एक हिशेब सुरू होतो. दर हंगामाला एवढं भाडं दुसऱ्याच्या गाडीला मोजायचं, त्यापेक्षा हप्त्यावर आपलीच घेतली तर?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. तिथे डाऊन पेमेंट आणि हप्ता सांगतात. महिन्याला किती खेपा होतील, परतीला गाडी भरून येईल की रिकामी, स्टिअरिंगवर मालक बसणार की पगारी ड्रायव्हर, हे कुणी विचारत नाही. पिकअप परवडते की घराला बुडवते, हे मात्र याच तीन गोष्टींवर ठरतं.

नेमकी कोणती पिकअप?

मध्यम आकाराची पिकअप म्हटलं की जगात टोयोटा हायलक्स, फोर्ड रेंजर, इसुझू डी-मॅक्स ही नावं पुढे येतात. थायलंडमध्ये एक टनी पिकअपवर मोटारीपेक्षा कमी कर लागतो, म्हणून तिथे ती घरोघरची गाडी झाली. आपल्याकडेही हायलक्स २०२२ पासून मिळते आणि डी-मॅक्स व्ही-क्रॉस त्याच्याही आधीपासून. पण या गाड्यांची किंमत पंचवीस लाखांच्या पुढे जाते. हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच मीटरहून अधिक. कारंज्याच्या जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांत ती वळवणं हेच एक काम होऊन बसतं. पाच माणसं आरामात बसतात, चारही चाकांना जोर मिळतो, खासगी म्हणून पांढऱ्या पाटीवर नोंदणी होते. मात्र मंजूर भार कामाच्या पिकअपच्या मानाने बराच कमी असतो. ज्याला खराब रस्त्यावर दणकट प्रवासी गाडी हवी आणि मागे थोडं सामान टाकायचं आहे, त्याच्यासाठी ती ठीक. सोयाबीन वाहून तिचे पैसे वसूल होणार नाहीत.

वऱ्हाडात पिकअप म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप आणि मॅक्स पिकअप, टाटाची योद्धा आणि इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त आणि बडा दोस्त. टाटाने १९८६ मध्ये ४०७ आणला, १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप आणली आणि २००५ मध्ये ‘एस’, जिला लोकांनी छोटा हत्ती म्हटलं. ४०७ मोठा आणि छोटा हत्ती लहान, या दोघांच्या मधली जागा आजच्या पिकअपने भरून काढली. सव्वा-दीड टनापासून दोन टनांपर्यंतचं पासिंग आणि नऊ-दहा फुटांचा डाला असलेल्या या गाड्या मॉडेलनुसार साधारण आठ ते अकरा लाखांत मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे त्याआधीचं कोटेशन हातात धरून तुलना करू नये.

एकेरी केबिन की डबल केबिन, हा पुढचा प्रश्न. बोलेरो कॅम्परसारख्या डबल केबिन गाडीत मजूर किंवा घरची माणसं नियमात बसतात, पण तेवढा डाला आखूड होतो. ज्याचं मुख्य काम धान्य, खत आणि सिमेंट वाहायचं आहे, त्याने एकेरी केबिन घ्यावी. पंप दुरुस्ती, ठिबक जोडणी, मंडप-डेकोरेशन अशा कामांत चार माणसं आणि अवजारं बरोबर न्यावी लागतात. तिथे डबल केबिन खरी उपयोगी पडते.

कारंज्यातून तिचा फायदा काय?

पहिला फायदा गावाच्या ठिकाणाचा. वाशीम, अकोला, अमरावती आणि यवतमाळ ही चारही जिल्ह्याची ठिकाणं कारंज्यापासून साठ ते ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. एकेकाळी इथला कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला जायचा. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ती नॅरोगेज गाडी आता बंद आहे आणि मालाची सगळी भिस्त रस्त्यावर आली आहे. जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता शहराला लागूनच आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी. कारंजा लाडला त्याचा इंटरचेंज आहे. भाजीपाला, फळं, दूध असा नाशवंत माल घेऊन पहाटे नागपूर गाठणं त्यामुळे शक्य झालं. समृद्धीवर ट्रॅक्टर, तीनचाकी आणि दुचाकी यांना बंदी आहे. लांबच्या बाजारासाठी ट्रॉलीपेक्षा पिकअप सरस ठरते ती इथे.

समृद्धीचा टोल मात्र हिशेबात धरावाच लागतो. १ एप्रिल २०२५ पासून हलक्या मालवाहू वाहनाला किलोमीटरमागे ३ रुपये ३२ पैसे लागतात, मोटारीला २ रुपये ६ पैसे. शंभर किलोमीटर गेलं की एका बाजूचे ३३२ रुपये झाले. शिवाय मालवाहू गाडीला तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. मोटारवाले दोन तासांत पोचतात म्हणून पिकअपही पोचेल, असं गृहीत धरून व्यापाऱ्याला वेळ देऊ नये.

दुसरा फायदा वेळेचा, आणि हंगामात त्याची किंमत फार मोठी असते. मळणी आटोपली, आभाळ भरून आलं आणि भाड्याची गाडी दुसऱ्याच्या शेतात अडकलेली असली, की शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही. भिजलेल्या सोयाबीनला ओलावा जास्त म्हणून भाव पाडून मागतात. दारात गाडी असेल तर कट्टे त्याच रात्री छपराखाली येतात. मे-जूनमध्ये बियाणं-खत आणायचं असो की फवारणीच्या दिवसांत पाण्याची टाकी शेतावर न्यायची असो, ज्याच्याकडे गाडी आहे त्याचं काम अडत नाही.

तिसरा फायदा असा की गाडी विकताना पैसा उभा राहतो. बोलेरोसारख्या गाड्यांचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, कमानपाटे बदलणारा मिस्त्री जवळ असतो आणि जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं. गाडी निवडताना इंजिनाच्या ताकदीआधी हेच बघावं. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळच्या अकोला-अमरावतीलाही नाही, तिची गाडी कितीही चांगली असली तरी ऐन सोयाबीनच्या आठवड्यात बंद पडली तर मालकाचं अख्खं गणित कोलमडतं.

कागदावरचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. रस्त्यावर येईपर्यंत गाडी दहा लाखांना पडली. दोन लाख हातचे भरले, आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं. हप्ता येतो सुमारे १७,४०० रुपये. पाच वर्षांत साडेदहा लाखांच्या जवळपास परतफेड होते, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर नुसतं व्याज. विम्यासाठी महिन्याला ३,००० रुपये बाजूला काढावे लागतील. सर्व्हिसिंग, टायर, पासिंग यांसाठी आणखी २,५०० धरू. गाडी जागची हलली नाही तरी महिन्याला सुमारे २३,००० रुपये जाणार. पगारी ड्रायव्हर ठेवला आणि त्याला १३,००० दिले, तर हा आकडा ३६,००० वर जातो.

आता जमेची बाजू. समजा साठ किलोमीटरवर माल पोचवायचं भाडं १,८०० रुपये मिळालं. जाऊन-येऊन १२० किलोमीटर झाले. ॲव्हरेज लिटरला बारा धरलं तर दहा लिटर डिझेल लागलं. नव्वद रुपयांच्या भावाने त्याचे ९०० रुपये. चहापाणी, किरकोळ खर्च, टोल मिळून शंभर. हाती उरले ८००.

मालक स्वतः गाडी चालवत असेल तर २३,००० भागवायला अशा २९ खेपा लागतात, म्हणजे रोज एक. ड्रायव्हर ठेवला तर ४५ लागतात, म्हणजे रोज दीड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे जमून जातं. जुलै-ऑगस्टमध्ये शेतमाल नसतो, बांधकामं मंदावतात आणि शेतरस्ते चिखलाने बंद होतात. तेव्हा रोज दीड खेप आणायची कुठून? इथेच हप्ता थकतो. थकलेला हप्ता पुढच्या महिन्यात दंडासह येतो आणि ज्याने नऊ महिने नियमाने पैसे भरले त्याच्याही दारात वसुलीवाले उभे राहतात.

प्रत्येकाने हे आकडे आपल्या गावच्या भाड्याने आणि आपल्याला मिळालेल्या व्याजदराने बदलून मांडावेत. मांडणी तीच राहील. परतीचं भाडं मिळालं की चित्र कसं पालटतं, तेही याच उदाहरणातून कळतं. अमरावतीहून येताना किराणा दुकानाचा किंवा हार्डवेअरचा माल हजार रुपयांत मिळाला, तर डिझेल तेच राहून खेपेमागे १,८०० रुपये उरतात आणि २९ च्या जागी १३ खेपांत महिना निघतो. म्हणून गाडी बुक करण्याआधी शेजाऱ्यांच्या शेतमालाचा अंदाज घ्यावाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारंज्यातल्या दोन-चार दुकानदारांना भेटून त्यांचा माल कुठून, कोणत्या वारी, कोणाच्या गाडीने येतो याची चौकशी करावी.

स्वतःचा माल दूरच्या बाजारात नेण्याबद्दलही एक समज तपासून घ्यायला हवा. गाडी आपली असली की जिथे भाव जास्त तिथे माल नेता येतो, असं म्हणतात. १.३ टनाच्या गाडीत १३ क्विंटल सोयाबीन बसतं. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने त्याची किंमत ६९,२६४ रुपये होते. कारंज्याऐवजी सुमारे १३० किलोमीटरचा फेरा करून दुसऱ्या बाजारात गेलं तर वरच्याच ॲव्हरेजने जवळजवळ ९७५ रुपयांचं डिझेल जळतं, म्हणजे क्विंटलमागे ७५ रुपये. भावातला फरक पन्नास रुपयांचा असेल तर घरच्या गाडीनेही तोटाच. दीडशे-दोनशेचा असेल, तोही निघण्याआधी फोन करून पक्का केलेला असेल, तर जावं.

जे तोटे शोरूममध्ये कळत नाहीत

कामाची पिकअप मालासाठी बनवलेली असते. मागे कमानपाटे असतात, ते टनाच्या ओझ्याखाली नीट बसतात. रिकाम्या गाडीत तेच पाटे ताठ राहतात आणि मागचा भाग खड्ड्याखड्ड्याला उडतो. म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायला, लेकरांना घेऊन गावाला जायला ही गाडी सुखाची नाही. एकाच गाडीत शेती आणि संसार दोन्ही भागवू असा विचार करणाऱ्याने घरच्यांना आधी रिकाम्या पिकअपमधून कारंजा ते मंगरूळपीर फिरवून आणावं आणि मगच ठरवावं.

रिकामी पिकअप पावसात जास्त सांभाळावी लागते. वजन पुढे इंजिनाच्या बाजूला असतं आणि जोर मागच्या चाकांना मिळतो. मागे ओझं नसलं की ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना मागची बाजू सरकते. काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर तीच चाकं जागच्या जागी फिरतात, मातीचा लगदा टायरच्या नक्षीत भरतो आणि टायर गुळगुळीत होतो. गाडी मग ट्रॅक्टर लावून ओढावी लागते. चारही चाकांना जोर देणारी मॉडेलं कॅम्पर आणि योद्धात मिळतात, पण ती महाग पडतात आणि डिझेलही जास्त खातात. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून ज्या शिवारात रस्ता झाला आहे, तिथे साधी पिकअप चालते. जिथे झालेला नाही, तिथे पावसाळ्याचे चार महिने बांधापर्यंत जायला बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरच लागणार, हे गृहीत धरून चालावं.

टायरमधल्या हवेकडे बहुतेक मालक दुर्लक्ष करतात. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी मागच्या टायरची हवा वेगवेगळी सांगितलेली असते आणि तो तक्ता गाडीच्या पुस्तिकेत असतो. वर्षभर एकाच हवेवर गाडी चालवली तर भरलेल्या वेळी टायर तापतो आणि रिकाम्या वेळी मधोमध झिजतो. नवा टायर घेताना आकाराबरोबर भारक्षमतेचा आकडाही जुळवावा. मोटारीचा टायर रिमवर बसला म्हणजे तो टनाचं ओझं पेलेल असं नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं आणखी एक पथ्य आहे. बहुतेक मॉडेलांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. लांब पल्ल्यावर गाडी तापली की काजळी आपोआप जळून जाते. रोज घर ते शेत तीन-चार किलोमीटर एवढीच गाडी फिरली तर ती साचत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागल्यावर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालवावी. तो झाकून महिना काढला तर खर्च हजारांत जातो. ज्याचं सगळं काम गावातल्या गावातच आहे, त्याने मोठी डिझेल पिकअप घेण्याआधी पेट्रोल, सीएनजी किंवा विजेवर चालणाऱ्या लहान गाडीचाही विचार करावा. त्यासाठी सीएनजीचा पंप किंवा चार्जिंगची सोय किती अंतरावर आहे, ते आधी पाहून घ्यावं.

कागदपत्रं: इथे चूक महागात पडते

स्वतःच्या शेतातलाच माल वाहायचा आहे, मग पिवळी पाटी कशाला, असं बरेच जण विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या लेखी मालवाहू गाडी ही परिवहन वाहन असते, मग माल कुणाचाही असो. त्यामुळे पिवळी पाटी, व्यावसायिक विमा आणि ठरावीक मुदतीने फिटनेस हे सगळं लागतंच. नव्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते नव्याने घ्यावं लागतं. कारंज्याची गाडी वाशीमच्या परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत येते आणि तिला एमएच-३७ क्रमांक मिळतो.

परमिटबाबत एक सवलत माहीत असलेली बरी. माल धरून गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. मोठ्या पासिंगच्या पिकअप या मर्यादेच्या वर जातात. म्हणून गाडी निवडतानाच तिचं एकूण वजन विचारावं. टनाचा जो आकडा सेल्समन सांगतो तो नुसत्या मालाचा असतो. एकूण वजन आरसी बुकावर छापलेलं असतं.

लायसनचा घोळ आता मिटला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की, हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. अपघातानंतर विमा कंपन्या नेमकं हेच कारण पुढे करून भरपाई नाकारत असत. साध्या लायसनवर पिकअप चालवणाऱ्यांना या निकालाचा मोठा आधार आहे.

कराच्या बाबतीत मालवाहू गाडी स्वस्त पडते. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांना सात टक्के एकरकमी कर ठरवला. नऊ लाखांच्या गाडीला ६३,००० रुपये. तेवढ्याच किमतीच्या खासगी डिझेल मोटारीला १३ टक्क्यांनी १,१७,००० पडतात. विम्यात मात्र उलट. भाड्याने माल वाहणाऱ्या ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दरपत्रकानुसार १६,०४९ रुपये आहे आणि पंधराशे सीसीवरच्या खासगी मोटारीचा ७,८९७. शिवाय गाडीचा स्वतःचा विमा आणि कर वेगळा. पहिल्या वर्षीचा विमा गाडीच्या किमतीत मिसळून जातो, म्हणून दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची रक्कम बघून अनेकांना धक्का बसतो. कर्ज काढतानाच तिची तरतूद करून ठेवावी.

भाड्याचा धंदा करणाऱ्यांसाठी आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याने लहान गाडीमागे महिना ७,५०० रुपये उत्पन्न दाखवलं तर सविस्तर हिशेबवह्या ठेवायची सक्ती नाही. विवरणपत्र वेळेवर भरलेलं असलं की पुढचं कर्जही सोपं जातं.

जादा माल आणि डाल्यातली माणसं

तेरा क्विंटलच्या पासिंगमध्ये पंचवीस क्विंटल टाकायचा मोह कारंज्यातच होतो असं नाही. दोन खेपांचं काम एका खेपेत होतं, डिझेल वाचतं, हे खरं आहे. पण कायद्यात जादा भाराला किमान २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो. माल डाल्याच्या बाजूने बाहेर आला तर त्याचाही वेगळा २०,००० रुपयांचा दंड आहे. सुट्या कापसाच्या बाबतीत हे नेहमी घडतं. कापूस हलका, वजन भरायच्या आधीच डाला भरतो, मग जाळ्या लावून दोन्ही बाजूंना फुगवटे काढून वरून ताडपत्री आवळतात. ड्रायव्हरला आरशात मागचं काही दिसत नाही आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला रस्ता उरत नाही. जाळी वरच्या बाजूला वाढवावी, तीही मर्यादेत. बाजूला एक वीतही जाऊ देऊ नये. ब्रेक, क्लच आणि पाटे यांचा खर्च तर दंडाच्या पावतीवर दिसतही नाही.

याहून गंभीर प्रश्न माणसांचा आहे. लग्नाचं वऱ्हाड, निंदणीच्या बायका, पोहरादेवीच्या यात्रेला निघालेलं गाव, सगळे डाल्यात बसतात आणि गाडीमालकाला नाही म्हणणं अवघड जातं. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटातून खाली कोसळली आणि किमान दहा जणींचा जीव गेला. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. मालाबरोबर असलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस एवढ्यांनाच संरक्षण आहे, तेही केबिनमधल्या मंजूर जागांपुरतं. अपघात झाला तर लाखोंची भरपाई गाडीमालकाच्या शेतीवर आणि घरावर येऊ शकते. घरी पिकअप येईल त्याच दिवशी भावकीत आणि शेजारपाजारी हे सांगून टाकावं. डाल्यात माणूस बसणार नाही, मग तो सख्खा मामा असला तरी. नंतर नाही म्हणण्यापेक्षा पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणाला लागत नाही.

जुनी गाडी चालेल का?

चार-पाच वर्षांची पिकअप नव्याच्या निम्म्या-पाऊण किमतीत मिळाली तर हप्त्याचा ताण कमी होतो. पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्याला हा मार्ग बरा. पण गाडी दिवसाउजेडी, थंड इंजिनावर आणि मिस्त्री बरोबर घेऊनच बघावी. डाल्याखाली वाकून चासीला दोन्ही बाजूंनी हात फिरवावा. जिथे वेल्डिंगचा जोड किंवा पट्टी मारलेली लागेल, ती गाडी जादा माल ओढत आली आहे असं समजावं. पाट्यांची पानं मोजावीत. वाढवलेली पानं हेच सांगतात. मग रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत ती चालवून बघावी.

कागदांत फिटनेस, विमा आणि कर कधीपर्यंत आहेत ते बघावं आणि ऑनलाइन किती ई-चालान थकलेत ते तपासावं. कर्ज फिटलेलं असेल तर फायनान्सचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ मागावा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात. एमएच-२७ किंवा एमएच-३० ची गाडी अमरावती-अकोल्याहून वाशीमला आणायची असेल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी लागते. गाडी नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहावं.

मग कोणी घ्यावी?

ज्याच्याकडे वर्षभर पुरेल असं काम आहे त्याने घ्यावी. दुधाचं संकलन, पशुखाद्य किंवा बी-बियाणांचं दुकान, सिमेंट-लोखंडाचा व्यापार, मंडप, फळभाज्यांची नियमित खेप यांपैकी काहीतरी हातात असावं आणि घरातला एक माणूस स्वतः गाडी चालवणारा असावा. शेतमाल हे त्या कामावरचं जादा उत्पन्न धरावं.

पाच-सात एकर सोयाबीन-तूर एवढंच काम असेल तर पिकअप घेऊ नये. पाच एकरांत एकरी सहा क्विंटलने तीस क्विंटल सोयाबीन झालं, तर १.३ टनाच्या गाडीने ते तीन खेपांत बाजारात पोचतं. तूर, हरभरा, खत, बियाणं धरूनही वर्षाच्या खेपा बोटावर मोजता येतील. त्यासाठी महिन्याला तेवीस हजारांचा खर्च उरावर घेणं चुकीचं आहे. अशा शेतकऱ्याने गावातल्या एका चांगल्या गाडीवाल्याशी हंगामाआधीच बोलणं करून ठेवावं, थोडी उचल द्यावी आणि तारखा बांधून घ्याव्यात. वेळेवर गाडी मिळण्याची सोय त्यातूनही होते.

मधला मार्ग गटाचा. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा आठ-दहा शेतकऱ्यांचा गट मिळून एक पिकअप घेऊ शकतो. मात्र गाडी कुणाच्या नावावर, हंगामात पहिली पाळी कुणाची, दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात आणि चालवणारा कोण, हे सगळं खरेदीआधी कागदावर आणून सह्या कराव्यात. प्रत्येक खेपेची नोंद गाडीतल्या वहीत झाली पाहिजे: किलोमीटर, डिझेल, माल, भाडं.

हीच वही एकट्याने गाडी घेणाऱ्यालाही खरेदीच्या आधी उपयोगी पडते. एक पूर्ण हंगाम भाड्याची गाडी वापरताना प्रत्येक खेपेची तारीख, अंतर, दिलेलं भाडं आणि गाडी न मिळाल्याने झालेलं नुकसान लिहून ठेवावं. वर्षाची बेरीज पावणेतीन लाखांच्या, म्हणजे महिना तेवीस हजारांच्या, जवळ जात नसेल आणि बाहेरचं भाडंही पक्कं नसेल, तर अजून थांबावं. बेरीज जुळत असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला गाडी बुक करावी. दसऱ्यापर्यंत ती ताब्यात येते आणि पहिले तीन-चार हप्ते सोयाबीन-कापसाच्या खेपांतून निघतात. डिसेंबरात सवलत जास्त मिळते हे खरं, पण गाडीचं उत्पादन वर्ष आठ-पंधरा दिवसांत जुनं होतं आणि विकताना तेवढी किंमत कमी येते. सवलत त्या नुकसानीपेक्षा मोठी आहे का, ते बघावं. कर्ज घेताना सहकारी बँक, राष्ट्रीयीकृत बँक आणि कंपनीचा फायनान्स अशा तीन ठिकाणचे दर लेखी घ्यावेत. शेतीचा पैसा हंगामात येतो, म्हणून मासिक हप्त्याऐवजी सहामाही हप्त्याची सोय आहे का, हे तिघांनाही विचारावं.

ताबा घेताना चासी आणि इंजिनचा नंबर बिलाशी जुळवून बघावा, विम्यात मालकाचं नाव आणि वैयक्तिक अपघाताचं १५ लाखांचं संरक्षण आहे का ते वाचावं, फास्टॅग चालू करून घ्यावा आणि पुस्तिका घरी ठेवून न देता गाडीतच ठेवावी.